एका इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी कार्यालयीन पत्रव्यवहार पाहतो. एका ग्राहकाचा 'प्लीज कीप रिजेक्टेड कास्टिंग्ज अँड पॅटर्न्स रेडी फॉर इन्स्पेक्शन' असा ई-मेल आला. त्याप्रमाणे आम्ही नाकारलेली कास्टिंग्ज (ओतीव भाग) आणि झिजून बाद झालेले पॅटर्न (ज्यांवरून ओतकामाचे साचे करतात ते नमुने) वेगळे काढून ठेवले. प्रत्यक्षात आलेल्या तपासनिसाला सगळेच पॅटर्न पाहायचे होते आणि त्यांतले काही कामावर चढवलेले होते. माझे इंग्रजी कच्चे आहे, असे मला ऐकवण्यात आले. माझे खरोखरच चुकले का?

उत्तर : आपले इंग्रजी कच्चे नाही. या वाक्याचे दोन्ही अर्थ व्याकरणाला सारखेच मान्य आहेत. 'रिजेक्टेड' हे विशेषण केवळ 'कास्टिंग्ज'पुरते घेतले, तर पॅटर्न सगळे येतात. ते 'कास्टिंग्ज अँड पॅटर्न्स' या संपूर्ण जोडीला लावले, तर फक्त बाद झालेले पॅटर्न येतात. या संदर्भात वाक्यातला एकही शब्द अवघड किंवा अनेकार्थी नसताना, कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे एवढ्यावरून हा फरक पडतो. अशा प्रकाराला रचनागत संदिग्धता म्हणतात.

शब्दगत संदिग्धता याहून वेगळी. 'कास्टिंग' म्हणजे शिरोलीत ओतीव भाग, तर १९२९ साली ज्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेथील चित्रपट व्यवसायात 'कास्टिंग' म्हणजे नटांची निवड. अशा शब्दांनी प्रत्यक्षात फारसे अडत नाही, कारण फौंड्रीच्या पत्रात नटांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. रचनेतली संदिग्धता मात्र लपून राहते. लिहिणाऱ्याला स्वतःचा अर्थ आधीच ठाऊक असल्यामुळे दुसरा अर्थ दिसत नाही, आणि वाचणाऱ्यालाही पहिला अर्थ लागला की शंका येत नाही.

इंग्रजीत हे वारंवार का घडते, याचे एक कारण त्या भाषेच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना विभक्तीचे व लिंगाचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते बहुतांशी गळाले आणि त्यांचे काम शब्दक्रमावर व शब्दयोगी अव्ययांवर आले. 'द बॉय वॉच्ड द रेसलर विथ द बायनाक्युलर्स' हे वाक्य घ्या. खासबाग मैदानात बसलेल्या मुलाने दुर्बिणीतून मल्लाला पाहिले की दुर्बीण जवळ असलेल्या मल्लाला पाहिले, हे 'विथ' सांगत नाही. त्याच जागी 'विथ द टर्बन' लिहिले, तर फेट्यातून कोणी कुस्ती पाहत नसल्यामुळे पहिला अर्थ आपोआप गळून पडतो, जरी वाक्याची बांधणी तीच राहते. म्हणजे निवाडा येथे व्याकरण करत नाही, आपले व्यवहारज्ञान करते. आपल्या ई-मेलच्या बाबतीत तेच ज्ञान तोकडे पडले, कारण पॅटर्नही झिजतात व बाद होतात, आणि सगळे पॅटर्न तपासणेही तितकेच स्वाभाविक आहे. माझ्या मते येथे जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. 'ऑल पॅटर्न्स अँड रिजेक्टेड कास्टिंग्ज' असा क्रम ठेवला असता, तर वाद उद्भवलाच नसता.

ई-मेलच्या विषयाच्या ओळीतही हाच धोका असतो. 'रिटर्न शिपमेंट्स' म्हणजे माल परत पाठवा की परत आलेला माल? इंग्रजीत एकच रूप नाम म्हणूनही चालते आणि क्रियापद म्हणूनही. पहिला अर्थ हवा असेल, तर मध्ये एक 'द' घातल्याने तो पक्का होतो.

प्रश्न : स्वल्पविराम नीट दिला, तर अशी संदिग्धता टळते का? (एक विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : काही वेळा टळते, आणि तो न दिल्याची किंमत मोठी असू शकते. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या वेतनातून वगळलेल्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. जादा कामाचे वेतन मागणाऱ्या, ओकहर्स्ट डेअरी या कंपनीच्या ट्रकचालकांचे म्हणणे असे की, वगळलेले आहे ते पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधण्याचे काम; आम्ही माल बांधत नाही, फक्त पोहोचवतो. कंपनी म्हणत होती की 'डिस्ट्रिब्यूशन' हे यादीतले स्वतंत्र काम आहे. यादीतली इतर कामे 'कॅनिंग', 'प्रोसेसिंग' अशी '-इंग'ने संपणारी असताना 'डिस्ट्रिब्यूशन' तसे नाही, हा चालकांचा मुद्दा मला विशेष मार्मिक वाटतो. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे त्या यादीत अर्धविराम घालण्यात आले. आधीच्या उत्तरातील 'रिजेक्टेड'चा गुंता मात्र स्वल्पविरामाने सुटला नसता. तेथे शब्दच बदलावे लागतात.

प्रश्न : मराठीत विभक्ती असल्याने आपली भाषा या दोषापासून मुक्त आहे, असे म्हणावे का? (एक निवृत्त शिक्षक, शाहूपुरी)

उत्तर : अंशतःच. 'कोल्हापुरातून आलेली व्यापाऱ्याची मुलगी' म्हटले, तर मुलगी आली. 'कोल्हापुरातून आलेल्या व्यापाऱ्याची मुलगी' म्हटले, तर व्यापारी आला. इंग्रजीत या ठिकाणी सहज गोंधळ होतो, तो आपल्याकडे एका अक्षराने टळतो. परंतु त्याच मुलीला द्वितीयेत नेऊन 'कोल्हापुरातून आलेल्या व्यापाऱ्याच्या मुलीला' असे लिहिले की सामान्यरूपात लिंगभेद मिटतो आणि आले कोण, हे पुन्हा कळेनासे होते. 'नाकारलेली कास्टिंग्ज आणि पॅटर्न' हे मराठी भाषांतरही मूळ इंग्रजीइतकेच संदिग्ध आहे.