नऊची शाळा की सहाची?

"आमच्या पत्त्यानुसार मिळणारी शाळा रेटिंगच्या संकेतस्थळावर दहापैकी सहाची, पलीकडची नऊची. लेकीचं नुकसान तर होणार नाही ना?" अमेरिकेतले मराठी पालक हे मला वरचेवर विचारतात. अलीकडचं एक जोडपं तर घर विकायच्या तयारीत होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दोन्ही शाळा एकाच स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे स्थानिक शाळा-मंडळाच्या), सरकारी, मुलगी नववीत जाणार होती.

संकेतस्थळावरचे ते दहापैकीचे आकडे बाजूला ठेवून आम्ही राज्याचं रिपोर्ट कार्ड उघडलं. 2015 च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेचं असं कार्ड जाहीर करावंच लागतं, आणि त्यात निकाल विद्यार्थ्यांच्या गटांनुसारही द्यावे लागतात. गणिताच्या एकूण निकालात 'सहा'ची शाळा बरीच मागे होती. पण तिथे कमी उत्पन्नाच्या घरांतली आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुलं कितीतरी जास्त होती. गटागटाची तुलना केली तेव्हा ती दरी जवळजवळ मिटली. बाबा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

यात नवल नाही. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला असतो, हे अमेरिकन सरकारने शाळांमधल्या विषमतेवर करून घेतलेल्या 1966 च्या कोलमन अहवालातच आलं होतं. नुसती सरासरी पाहून शाळा निवडणं म्हणजे बहुतेकदा शेजाऱ्यांचं उत्पन्न पाहून निवडणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एपी परीक्षांचंही (हायस्कूलमधल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षांचंही) तसंच. पाचपैकी तीन किंवा जास्त गुण किती जणांना मिळाले, एवढंच पालक बघतात. मी आधी बघते, परीक्षेला बसले किती. निवडक मुलांनाच बसवलं की निकाल चकचकीत दिसणारच!

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला 'सहा'च्याच शाळेत जायचंय. तिथे नववीतच कॉम्प्युटर सायन्स घेता येतं." आईबाबांना हे माहीतच नव्हतं.

शाळा बघायला जाताना मी त्यांना एकच प्रश्न विचारायला सांगितला: नववीत बीजगणितात मागे पडणाऱ्या मुलांसाठी तुम्ही काय करता? शिकागोच्या शाळांवरच्या अभ्यासात नववी नीट पार पडलेली मुलं हायस्कूल वेळेत पूर्ण करण्याची शक्यता खूप जास्त दिसली आहे, म्हणून हा प्रश्न. शाळेने जादा तासांचं वेळापत्रकच समोर ठेवलं. घर विकणं तूर्त थांबलंय. बाबांची धाकधूक पुरती गेलेली नाही. पहिल्या सत्राच्या निकालानंतर पुन्हा भेटायचं ठरलंय.