पारदर्शक लाकडाच्या भरवशावर स्वीडनला यावं का?

तू विचारलंस, "ताई, मास्टर्सनंतर पारदर्शक लाकडावर पीएचडी करायला स्वीडनला यावं का? हे लाकूड खरंच खिडकीच्या काचेची जागा घेईल?" मी इथे लाकडाच्याच अभ्यासात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ये, जरूर ये. स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठात लार्स बर्गलुंड यांच्या गटाने आणि अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात लियांगबिंग हू यांच्या गटाने 2016 मध्ये या विषयाला वेग दिला. लाकडाला रंग देणारं लिग्निन काढायचं किंवा ब्लीच करायचं आणि मोकळ्या पोकळ्यांत ॲक्रेलिकसारखं पॉलिमर मुरवायचं. त्या पॉलिमरचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, लाकडाच्या तंतूंतल्या सेल्युलोजच्या जवळ असला की प्रकाश आरपार जातो. पातळ तुकड्यातून 80 ते 90% सुद्धा. असा तुकडा मी पहिल्यांदा छापील कागदावर ठेवला, तेव्हा खालची अक्षरं स्पष्ट वाचता आली. चार बोटं वर उचलला आणि सगळं धूसर झालं. हा धूसरपणा खिडकीला मारक आहे, पण छतातून मऊ उजेड हवा असेल तिथे तोच उपयोगी.

ऊर्जा वाचण्याबद्दल मात्र आधी स्वतः गणित करून बघ. हे लाकूड काचेच्या साधारण पाचपट कमी उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण एकेरी खिडकीत उष्णतेला खरा अडथळा काचेला चिकटलेल्या हवेच्या थरांचा असतो. 4 मिलिमीटरची काच काढून तेवढंच लाकूड बसवलं तर गळती जेमतेम 8-10% घटते. इथल्या तिहेरी काचांच्या खिडक्या, मधल्या वायूच्या थरांमुळे, त्याहून कितीतरी पुढे आहेत. म्हणून मला या लाकडाच्या जाड फळ्या आणि उष्णता साठवणारं लाकूड जास्त मोलाचं वाटतं; केटीएचने 2019 मध्ये लाकडात पॉलिएथिलीन ग्लायकोल हे वितळताना उष्णता शोषणारं पॉलिमर भरून तो प्रयोग केला होता. 2021 मध्ये त्यांनी संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनपासून पॉलिमर बनवलं. खनिज तेलाचं ॲक्रेलिक भरायचं असेल तर लाकडाचा अर्धा फायदा तिथेच जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा पगारी नोकरी, साधारण 4 वर्षांची, फी नसते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जागा निघते, तेव्हा थेट अर्ज करायचा. "पारदर्शक लाकूड" एवढाच शब्द शोधत बसू नकोस. सेल्युलोज, लाकूड-रसायन, बायोकॉम्पोझिट (नैसर्गिक तंतू घातलेलं मिश्र साहित्य) या जागाही बघ, कारण पुढची नोकरी त्यांतून मिळणं सोपं. आल्याबरोबर पर्सोननुमर, म्हणजे नागरी नोंदणी क्रमांकासाठी अर्ज कर, त्याशिवाय बँकेचं काम रखडतं. अर्जासोबतचं पत्र लिहून झालं की मला पाठव, मी वाचून देईन.