हिरड्यांची खोल सफाई झाल्यावर आईनं मिश्री लावली तर चालेल का?

नाही, मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, ती अजिबात लावू देऊ नका. खानापुरात दातांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून कळकळीनं सांगते: 'मिश्रीनं दात घट्ट होतात' म्हणत निपाणीकडच्या कितीतरी मावशी दुसऱ्याच दिवशी हिरडीवरून बोट फिरवतात. तंबाखूनं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलक्या चुळा, मऊ ब्रश, आणि दोन-तीन दिवस आमटीत कुस्करलेली भाकरी नाहीतर मऊ भात. क्लोरहेक्सिडीन हे चूळ भरायचं जंतुनाशक औषध दिलं असेल तर पेस्टनंतर अर्ध्या तासानं वापरा. जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. एक-दोन दिवस थुंकीत रक्ताची रेघ दिसेल, घाबरू नका. मात्र पू, ताप, वाढती सूज असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. आईंना साखर असेल तर जरासुद्धा थांबू नका.