'दरम्यान' की 'पोटात'?

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या कालविषयक तर्कावर मी मराठीत टिपणं काढतेय. संगणकशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅलन यांनी १९८३ मध्ये दोन कालखंडांमधली १३ नाती मांडली. एक खंड दुसऱ्याच्या पूर्ण आत असतो, त्या नात्याला 'दरम्यान' म्हणू का?

माझं मत, नको. फारसीत 'दर' म्हणजे आत, 'मियान' म्हणजे मध्य. मूळ अर्थ तुमच्याच बाजूचा आहे. पण वापर बघा. 'रविवारी अकरा ते चारच्या दरम्यान ठाणे-वाशी मार्गावर ब्लॉक' असं आपण म्हणतो, तेव्हा ब्लॉक अकराला सुरू होऊन चारला संपतो, दोन्ही टोकं धरून. 'ब्लॉकदरम्यान डोळा लागला' म्हटलं की झोप मधेच कुठेतरी. ती ब्लॉकबरोबर सुरू झाली किंवा ब्लॉकबरोबरच संपली, तरी शब्द तोच. म्हणजे १३ पैकी चार नाती हा एकटाच सांभाळतो.

दोन्ही टोकं सोडून आत असणाऱ्याला मी 'पोटात' म्हणेन. कलमाच्या पोटात पोटकलम, तसा खंडाच्या पोटात खंड. एक संपताक्षणी दुसरा सुरू होतो, त्या नात्याला तर घरातला शब्द आहे : 'जोडून'. सोमवारची सुट्टी रविवारला जोडून येते तेव्हा मधे फट नसते आणि एक मिनिटही सामाईक नसतं. किती नेमका शब्द!

टिपणात तुम्ही लिहिलंय की अशा सैल शब्दांमुळेच यंत्राचं काम अवघड होतं. ते दुरुस्त करा. 'दरम्यान' सैल असला तरी त्याच्या दोनच अटी होतात : आधी सुरू व्हायचं नाही, नंतर संपायचं नाही. अशा अटींची सुसंगती बहुपदी वेळेत, म्हणजे खंड वाढले तरी वेळेचा स्फोट न होता, तपासता येते. खरी अडचण 'आधी, नाहीतर नंतर' या बोलण्यात आहे. एकाच खोलीत शिकवणीच्या दहा बॅच बसवायच्या, तर जोड्या होतात ४५ आणि प्रत्येक जोडीपाशी दोन वाटा फुटतात. 'यांपैकी कुठलंतरी एक' असं म्हणायला १३ नात्यांचे एकूण ८१९२ संच होतात. ते सगळे वापरायची मुभा दिली की प्रश्न एनपी-कठीण (नेहमी झटपट सोडवायची रीत कुणालाच माहीत नाही असा) होतो, हे विलेन आणि कौट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवलं. नेबेल आणि ब्युर्केर्ट यांनी १९९५ मध्ये त्यातला ८६८ संचांचा सोपा गट वेगळा काढला. 'दरम्यान' त्या गटात बसतो, 'आधी, नाहीतर नंतर' बसत नाही.

म्हणून 'दरम्यान' हा शब्द सोडून देऊ नका. चार नात्यांच्या त्या संचालाच हे नाव द्या.