जुनी स्कॉर्पिओ: कॉमन रेल की साधा पंप, कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न: २००४-०५ ची सेकंडहॅन्ड डिझेल स्कॉर्पिओ बघताय, त्यात कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाचं डिझेल) आहे की जुना पंप (प्रत्येक सिलिंडरला पंपातूनच वेगळा पाइप) हे कसं ओळखायचं, आणि दोन्हींपैकी परवडेल कोणती.

डिकीच्या दारावरचा बॅज वाचून ठरवू नका. आधी एवढं पक्कं करा.

माझी सगळी नोकरी नाशिकच्या सातपूरला, मायकोत (आताची बॉश) नोझलच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाच्या लाइनवर झाली. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. तिथे हात बसलेल्या माणसाला "तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला गाडीतलं काय कळतं" असं घरच्यांनीच म्हटलं की लागतं. हे म्हणणारे माझे दाजी. पिंपळगावला द्राक्षबाग आणि दारात पहिल्या काळातली स्कॉर्पिओ.

ऐन तोडणीत ती सुरू होईना. स्टार्टर जोरात फिरतोय, पण सायलेन्सरमधून धूर नावाला नाही. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने डिकीच्या बॅजवर 'सीआरडीई' (म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिन) वाचलं आणि स्कॅनर काढला. पिन कुठे लावायची तेच सापडेना, तेव्हा म्हणाला, वायरिंग कापलंय, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय. दाजी ॲडव्हान्स देऊन मोकळे.

मी गेलो आणि बॉनेट उघडलं. ॲक्सिलरेटरची केबल थेट पंपाच्या लिव्हरला. पंपाच्या मागच्या तोंडातून गोलाकार निघालेले चार पाइप, चारही सारख्या लांबीचे. इंजेक्टरवर एक वायर नाही. सरळ सरळ रोटरी पंप, म्हणजे जुना साधा पंप! डिकीचं दार एका ठोकरीनंतर भंगारातून आणून बसवलेलं, बॅज त्या दारासोबत आला होता. मग चावी ऑन करायला सांगून पंपाजवळ कान नेला. डिझेल बंद-चालू करणाऱ्या सोलेनॉइडचा 'टक' आवाज यायला हवा, तो येत नव्हता. रबरी टोपी सरकवली तर वायरचं थिंबल (टोकाचं धातूचं कडं) हिरवं पडलेलं. पॉलिश पेपरने घासलं, नट आवळला आणि गाडी हाफ सेल्फमध्ये चालू.

दाजींचं म्हणणं आजही तेच, की गॅरेजवाल्याने आधी काहीतरी हलवलं होतं म्हणून झाली. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो: बॉनेट उघडायच्या आधी ज्याने निदान केलं त्याला एक रुपया देऊ नये.

आता कॉमन रेल. हेडच्या कडेने एक जाड पोलादी नळी आडवी जाते, तीच रेल. तिच्यापासून प्रत्येक इंजेक्टरला आखूड पाइप, इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा सॉकेट, रेलवर प्रेशर सेन्सर. पंपातून सिलिंडरगणिक वेगळा पाइप निघत नाही. स्कॉर्पिओ २००२ साली आली ती साध्या पंपावर, सीआरडीई नंतर आली. तुम्ही म्हणता ती सालं नेमकी सांध्यावरची आहेत, म्हणून आरसी बुकातल्या सालावरही विसंबू नका. इनोव्हाचं तसं नाही, २००५ ला आली तेव्हापासून डिझेलमध्ये कॉमन रेलच.

परवडण्याचं म्हणाल तर साधा पंप खेड्यातही दुरुस्त होतो आणि भेसळीचं डिझेल थोडंफार सोसतो. कॉमन रेलला पिकअप चांगला, पण एक इंजेक्टर गेला की खिसा रिकामा. माझी पसंती साध्या पंपालाच, रोज मुंबई-नाशिक करणार असाल तर तुमची वेगळी असू शकेल.

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं. जुने मेकॅनिक कुठला सिलिंडर मिस मारतोय ते बघायला चालू इंजिनवर एकेक पाइपचा नट सैल करतात. कॉमन रेलवर हे कुणालाही करू देऊ नका. आत १,३५० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो, डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते.

वरच्या खुणा सगळ्या डिझेलला लागू नाहीत. स्कोडा लॉराच्या १.९ मध्ये पंप आणि इंजेक्टर एकत्र, हेडच्या कव्हरखाली असतात, तिथे रेलही दिसणार नाही आणि चार पाइपही नाहीत. काही गाड्यांत पंप गोल, पाइप चार, पण पंपावरच वायरिंगचा मोठा सॉकेट असतो, तो इलेक्ट्रॉनिक पंप. पेट्रोल गाड्यांच्या एमपीएफआय इंजेक्शनचं गणितच निराळं.

गाडी बघायला जाताना मालकाला इंजिन आधी गरम करून ठेवू नका म्हणा. बॉनेट स्वतः उघडा, आणि सोबत मेकॅनिक नेलात तर पंपावर बोट ठेवून दाखव म्हणून सांगा.