तिसऱ्यांमध्ये खेकडा कुठनं आला?

प्रश्न : आमच्याकडं कोल्हापुरात तिसऱ्या कधीमधीच होतात. परवा रत्नागिरीच्या म्हणून आणल्या, उकडल्यावर दोनतीन शिंपल्यांत वाटाण्याएवढे गोल खेकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या माल खराब आहे, सगळं टाकलं. ती खेकड्याची पिल्लं होती का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तिसऱ्या उगीच गेल्या की हो! खेकडा निघाला म्हणून माल खराब होत नसतोय. आणि ती पिल्लं नसणार, बहुतेक पूर्ण वाढलेल्या माद्या असणार. पी क्रॅब म्हणतात ह्यांना, कुळ पिनोथेरिडी. तिसऱ्या, कालवं असल्या दोन शिंपांच्या जिवात घुसून राहतात, शिंपल्यातला जीव पाणी गाळून कल्ल्यांवर जे खाणं गोळा करतो त्यातलंच हे ओरपतात, वर भाडं म्हणून कल्ले खराब करतात. फुकटे पाहुणेच म्हणा.

ओळखायचं कसं तर मादी गोल, मऊ, पाठ जवळजवळ पारदर्शक, पाय काडीसारखे, डोळे अगदी बारीक, आणि उलटी केली की पोटाखालची झडप इतकी रुंद की सगळं पोट झाकतं, अंडी असली तर तिथंच दिसतात. नर त्याहून लहान, कडक, झडप चिंचोळी, मादी शोधत एका शिंपल्यातनं दुसऱ्यात जातो म्हणून सापडतो कमी. नेहमीच्या समुद्री खेकड्याचं पिल्लू असतं तर पाठ कडक आणि कडेला करवतीसारखे दाते दिसले असते. शंखात राहणारा खेकडा म्हणजे हर्मिट क्रॅब, तो वेगळाच, त्याचं पोट वाकडं असतं.

नेमकी जात मात्र नुसत्या फोटोवरनं सांगता येत नाही. तोंडाजवळचे बारीक अवयव आणि पायांची शेवटची पेरं मायक्रोस्कोपखाली बघायला लागतात, आणि कुठल्या शिंपल्यात सापडला हेही लागतंच. म्हणून परत मिळाला तर शिंपल्यासकट ठेवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये, फॉर्मॅलिनमध्ये नको, डीएनए खराब होतो. बाटलीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई विरघळते. जवळच्या कॉलेजातल्या झूलॉजीवाल्यांना दाखवा, खूश होतील.

खायचं म्हणाल तर शिजलेला चालतो, अमेरिकेत कालवांतले हे खेकडे आवडीनं खातात. फक्त घरात कुणाला खेकड्याची ॲलर्जी असंल तर त्यांना ती तिसऱ्यांची आमटीसुद्धा देऊ नका. आणि माल बघायचा तर शिजवायच्या आधी बघा, उघडी शिंप टकटक केल्यावर मिटली नाही तर ती टाकायची.