जपानी हॉटेलात पहिल्यांदा जाताना

शाकाहारी असशील तर एक लक्षात ठेव: मासा दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं समजू नकोस. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घालून केलेलं सूप, उदोन नावाच्या जाड नूडल्सचा रस्सा, अगदी तेम्पुरा (जपानी भजी) बुडवायचं पातळ सॉससुद्धा, या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दाशी नावाचं पातळ सार असतं. ते कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस घालून करतात. त्यामुळे 'नॉनव्हेज नको' एवढं सांगून भागत नाही, दाशी कशाचं आहे हे विचार. कप्पामाकी, म्हणजे भात आणि शेवाळात गुंडाळलेली काकडी, बिनघोर मागव. पोट भरणार नाही, पण जीभ रुळेल.

मासे खात असशील तर निगिरी (भाताच्या गोळ्यावर ठेवलेला माशाचा काप) उलटी करून माशाची बाजू सोयासॉसला टेकव. भात बुडवलास तर सुटतो. हाताने खाल्लं तरी चालतं, चॉपस्टिकचा धसका घेऊ नकोस. फक्त त्या भातात उभ्या खोचू नकोस, तिकडे मृताच्या भातात तशा खोचतात. लोणच्याचं आलं एक तुकडा संपवून दुसरा घेण्याआधी खायचं. आणि ताटातला तो हिरवा गोळा चटणी नव्हे, नाकात झिणझिण्या आणणारा वासाबी आहे! मी शेंगदाण्याएवढा वासाबी तोंडात टाकला होता. नाकातून धूरच निघायचा बाकी होता.